वाचकांचे प्रश्न : पहिल्यांदा पेंटबॉल खेळताना

यंदा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि अथणी भागांतून पेंटबॉलविषयी, म्हणजे गनमधून रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायच्या खेळाविषयी, बरेच प्रश्न आले, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या खेळात वळ उठतात, कपडे मळतात, घाम निघतो आणि ते सारे दोन-चार दिवसांत विसरायला होते. डोळ्याला लागलेले मात्र भरून निघत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत मास्कचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्र. : आम्ही टिळकवाडीतले दहा मित्रमैत्रिणी सुट्टीत चोर्ला घाटाने गोव्याला जाणार आहोत आणि तिथे पेंटबॉलचा बेत आहे. कुणीच आधी खेळलेले नाही. काय विकत घ्यावे आणि घरून काय न्यावे?
– एक वाचक, बेळगाव

उ. : विकत काही घेऊ नका. गन (खेळाडू तिला मार्कर म्हणतात), मास्क, हवेची टाकी आणि वरचा गोळ्यांचा डबा म्हणजे हॉपर, हे सगळे मैदानावर भाड्याने मिळते. घरून न्यायचे ते कपडे. एका जाड जॅकेटपेक्षा दोन सैल, पातळ थर बरे, कारण सैल कापडावर गोळीचा जोर थोडा मरतो आणि अंगाला हवाही लागते. आत बनियन, वर जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, खाली ट्रॅकपँट. गळ्याभोवती पंचा दोन वेढे घालून टोके शर्टात खोचा, कारण मास्कच्या खाली कंठ उघडाच राहतो. बोटांच्या पेरांवर गोळी बसली की डोळ्यांत पाणी येते, म्हणून बागकामाचे हातमोजे घ्या. मुलग्यांनी क्रिकेटचे गार्ड घालावे. मुलींनी मैदानावर छातीचे कवच मिळते का ते आधीच विचारावे. बूट घोटा झाकणारे, खाचदार रबरी तळाचे हवेत. लोखंडी खिळ्यांचे बूट मैदानावर घेत नाहीत. जांभ्याच्या तांबड्या जमिनीवर गुडघे सोलवटतात, तेव्हा कुणाकडे व्हॉलीबॉलचे नी-पॅड असतील तर जरूर घ्या. बदलायला कपड्यांचा एक जोड आणि माणशी किमान दोन लिटर पाणी गाडीत ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी विचारा. भाड्यात किती गोळ्या धरल्या आहेत, जादा गोळ्यांचा भाव काय, टाकी पुन्हा भरायचे वेगळे पैसे आहेत का आणि गन वेग मोजण्याच्या यंत्रावर तपासून देतात का. चौथ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर दुसरे मैदान शोधा. उघड्या मैदानावर वेग सेकंदाला २८० फुटांच्या आसपास ठेवतात आणि ३०० फूट ही सहसा वरची मर्यादा असते. २८० फूट म्हणजे ताशी ३०० किलोमीटरहून जास्त. गन न तपासता खेळवणाऱ्याच्या हाती डोळे देऊ नयेत.

प्र. : मला उणे चार नंबरचा चष्मा आहे. मास्कमध्ये तो बसेल का? आणि खानापूरच्या दमट हवेत काचेवर धुके धरणार नाही का?
– एक वाचक, खानापूर

उ. : चष्मा बसतो, पण फ्रेम अरुंद आणि काड्या पातळ हव्यात. रुंद फ्रेम मास्कच्या कडेचा फोम उचलते आणि तिथे फट पडते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी त्याच घाला. नुसता चष्मा, मोटारसायकलची काच, वेल्डिंगचा गॉगल, पोहण्याचा गॉगल यांतले काहीही मास्कऐवजी चालत नाही. गोळीच्या माऱ्यात त्यांची काच फुटते किंवा पट्टा निसटतो. पेंटबॉलचा मास्क डोळ्यांबरोबर तोंड, गाल आणि कानही झाकतो, त्याची काच पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकची असते.

धुके धरण्याचे कारण साधे आहे. तुमचा श्वास आणि घामाची वाफ बाहेरच्या हवेने गार झालेल्या काचेवर आतून जमते. दुहेरी काचेचा, मध्ये हवेची पोकळी असलेला 'थर्मल' मास्क मिळाला तर त्रास पुष्कळ कमी होतो. तो मिळतो का हे आधीच विचारा, थोडे जादा भाडे पडले तरी द्या. डाव सुरू व्हायच्या आधी तासभर मास्क तोंडावर चढवून बसू नका, कारण तेवढ्यात आतली हवा तापून ओली होते. पंचा नाकावर ओढू नका, श्वास वर काचेकडे वळतो. कपाळाला घामाची पट्टी बांधा. चष्म्याच्या काचांवर धुके-रोधक फवारा मारा. मास्कच्या काचेला मात्र मैदानवाल्याला विचारल्याशिवाय काही लावू नका. थिनर, पेट्रोल किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या फवाऱ्याने पॉलिकार्बोनेटवर बारीक चिरा जातात आणि पुढच्या गोळीने काच त्याच चिरेवर फुटते. साधे पाणी आणि मऊ कापड पुरते.

मास्क हातात आल्यावर काच उजेडाकडे धरा. ओरखडा चालेल, केसासारखी चीर चालणार नाही. काच चौकटीत सगळीकडून घट्ट बसली आहे ना, ते अंगठ्याने दाबून पाहा. मग मास्क चढवा, पट्टा ओढा, खाली वाका आणि मान दोन्ही बाजूंना जोरात झटका. मास्क जागचा हलला तर पट्टा आणखी ओढा, तरी हलला तर दुसरा मागा.

आणि धुके धरलेच तर? मास्क वर करू नका. इथेच नवखे फसतात. दिसेनासे झाले की हात आपसूक मास्ककडे जातो. तसे झाले तर गुडघ्यावर बसा, हात वर करा, मोठ्याने पंचांना हाक मारा. ते धरून मैदानाबाहेर जाळीपलीकडे नेतील. काच पुसायची ती तिथेच. डाव संपल्याची शिट्टी झाली तरी मास्क मैदानात काढायचा नाही, कारण कुणाच्या तरी नळीत एक गोळी उरलेली असू शकते.

प्र. : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. शाळेतल्या मित्राच्या वाढदिवसाला पेंटबॉल ठेवले आहे. किती लागते? पाठवावे का?
– एक आई, निपाणी

उ. : ताई, आधी गोळीचा आकार विचारा. मोठ्यांची गोळी ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची आणि ३ ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. ती दंडावर बसली तर चांगला चिमटा बसतो, लाल गोल वळ उठतो आणि मग काळानिळा होऊन आठवडाभरात जातो. मुलांसाठी ०.५० इंचाची, हलक्या दाबावर उडणारी गोळी असते, तिचा मार बराच कमी असतो. वाढदिवसाच्या खेळाला तीच हवी. वयाची अट मैदानागणिक वेगळी असते, ती आणि पालकाच्या सहीचा कागद यांची चौकशी करा.

पाठवायला हरकत नाही, मात्र मास्क त्याच्या तोंडाच्या मापाचा असावा. मोठ्यांचा मास्क मुलाच्या हनुवटीखाली लोंबतो आणि धावताना वर सरकतो. दमा असेल तर पंप पंचांकडे द्या आणि तसे सांगून ठेवा. डोळ्याचे ऑपरेशन झालेले असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नका. वळावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. डोळ्याला लागले, मग ते थोडे का असेना, तर चोळू नये, दाबू नये, घरी औषध घालू नये. वर कागदी कप उपडा धरून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

प्र. : मित्राने स्वतःची पेंटबॉल गन आणली आहे. ती गाडीतून नेताना काही अडचण? आणि लष्करी रंगाचे कपडे घातले तर?
– एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उ. : तुमच्याच भागात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तेव्हा हा प्रश्न विचारलात ते बरे केले. सैन्याच्या गणवेशासारखे कपडे घालू नका. तपकिरी किंवा गडद हिरवा जुना शर्ट तेवढेच काम करतो.

या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये बारा जणांनी खेळला, तो झाडांवर आणि गुरांवर खूण करायच्या रंगाच्या गनने. म्हणजे मूळ वस्तू शेता-जंगलातलीच. पण रस्त्यावरच्या माणसाला लांबून ती बंदूकच दिसते. टाकी काढून, हॉपर उतरवून, नळीवर कापडी टोपी चढवून, बंद पिशवीत डिकीत ठेवा. गाडीत खिडकीतून रोखून फोटो काढू नका. आणि टाकी उन्हातल्या बंद गाडीत विसरू नका. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीचा दाब उष्णतेने झपाट्याने चढतो.

प्र. : मागे एकदा खेळलेल्या भावाने सांगितले की त्याच्या गनमध्ये गोळ्या सतत फुटत होत्या. असे का होते? दोन तासांना किती गोळ्या घ्याव्यात?
– एक वाचक, चिक्कोडी

उ. : गोळीचे कवच जिलेटिनचे, आत पाण्यात धुतला जाणारा रंग. जिलेटिन हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी दुपारपर्यंत फुगते, गोळ्या मऊ आणि वेड्यावाकड्या होतात, नळीत अडकतात किंवा समोरच्याच्या अंगावर न फुटता उसळतात. अति थंडीत उलटे होते, कवच कडक होऊन नळीतच तडकते. पिशवी लागेल तेवढीच उघडा आणि सावलीत ठेवा.

दुसरे कारण घाईचे. साध्या हॉपरमधून गोळी आपल्या वजनाने खाली पडते. ट्रिगर भराभर ओढला तर अर्धी गोळी आत, अर्धी बाहेर असताना बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दट्ट्या, पुढे येतो आणि ती चिरडतो. मग नळीत रंग पसरतो आणि पुढच्या सगळ्या गोळ्या भलतीकडे जातात. अशा वेळी गोळीबार वाढवून नळी साफ होत नाही. डाव संपला की नळीला टोपी घालून मैदानवाल्याकडे द्या, तो गन सोडवून रबरी चकतीच्या दांड्याने नळी पुसून देईल. नळीत स्वतः डोकावू नका. जमिनीवर पडलेली गोळी उचलून पुन्हा भरू नका, तिला चिकटलेली वाळू नळी ओरबाडते.

हॉपरमध्ये साधारण २०० गोळ्या मावतात. नवख्याला दोन तासांत दोनशे ते तीनशे पुरतात. दोन-दोन गोळ्या नेम धरून मारा, पैसे वाचतात आणि गोळी लागतेही.

प्र. : आम्ही जैन आहोत. जिलेटिन कशाचे असते?
– एक वाचक, कागवाड

उ. : जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते आणि बाजारातल्या बहुतेक गोळ्यांचे कवच त्याचेच असते. तुमच्या घरी ते चालत नसेल तर लेझर टॅग निवडा. त्यात गोळी नसते, प्रकाशाचा किरण आणि अंगावरचा संवेदक असतो. डावपेच तेच राहतात.

प्र. : ऊस तुटून गेल्यावर आमचे दोन एकर रान मोकळे पडते. आमच्या मंडळाने तिथे एक दिवस पेंटबॉल ठेवले तर?
– एक वाचक, अथणी

उ. : उसाच्या रानात नको. तुटलेल्या उसाचे बुडखे पाचटाखाली दिसत नाहीत, धावणारा अडखळून त्यांच्यावरच पडतो. नांगरून, सपाट करून घेतलेली किंवा कुरणाची जागा असेल तर विचार करा. गोळी तिरकी उडाली तर शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकते, तेव्हा रस्ता, वस्ती, गोठा त्या पल्ल्यात नको. प्रेक्षक उभे राहणार त्या बाजूला पेंटबॉलसाठीच विणलेली उंच जाळी हवी. द्राक्षबागेवरची पक्ष्यांची जाळी कामाची नाही, तिच्या डोळ्यांतून गोळी सहज निघून जाते. जाळीबाहेरच्या माणसाच्या तोंडावरही मास्क असला तर उत्तम.

गन आणि पंच अनुभवी मैदानवाल्याकडूनच आणा. खेळापूर्वी नियम सर्वांसमोर मोठ्याने वाचा. रुपयाच्या नाण्याएवढा रंग फुटला की बाद, नुसते शिंतोडे उडाले तर नाही. बाद झालेल्याने एक हात वर करायचा, नळीवर टोपी चढवायची आणि कडेने बाहेर पडायचे. चार-पाच मीटरच्या आत सापडलेल्यावर गोळी झाडायची नाही, 'शरण ये' म्हणायचे.

संध्याकाळी रान फिरून न फुटलेल्या गोळ्या वेचून घ्या. गोळीतला रंग कुत्र्याने खाल्ला तर त्याच्या रक्तातले क्षार बिघडतात, उलट्या होतात, पाय लटपटतात, आणि वाड्यावरचे कुत्रे अशी रंगीत वस्तू हमखास चघळते. तसे दिसलेच तर वाट न पाहता पशुवैद्यकांकडे न्या आणि काय खाल्ले ते सांगा.