‘मुलांसाठी जातोय’, पण कुणाच्या?

“मॅडम, जावं की नाही, तुम्हीच सांगून टाका.” आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या ठाण्यातल्या समुपदेशनाच्या खोलीत ऐकू येतं. कधी ऑस्ट्रेलिया, कधी जर्मनी, पण जास्त करून कॅनडा. कारणंही मला पाठ झालीत. स्वच्छ हवा, शाळा, सरकारी दवाखाने, आणि शेवटी हुकमाचा एक्का: ‘मुलांसाठी’.

मागच्या वर्षी जूनमध्ये आलेलं जोडपंही तेच सांगत होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तो आयटीत, ती फिजिओथेरपिस्ट, मुलगी सहा वर्षांची. नोव्हेंबरात तो पस्तिशीचा होणार होता आणि त्याची झोप उडाली होती. कॅनडात कायमचं राहायला येऊ पाहणाऱ्यांना गुणांवर निवडणाऱ्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त वयाला गुण असतात. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याचे तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच गुण कमी होतात. चौतिसाव्या वर्षी ७५, पस्तिसाव्या वर्षी ७०.

“यंदा जायलाच हवं,” तो म्हणाला.

या ‘च’वर माझे कान टवकारतात. वीस वर्षांचा अनुभव सांगते: माणसाला परिस्थिती छळते त्याहून जास्त हा ‘च’ छळतो.

तिसऱ्या भेटीत मी दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून कागद दिले. “का जायचंय ते लिहा. मुलीचं नाव काढायचं नाही.”

त्याने पाच मिनिटांत लिहिलं: ‘बॅचमधले सगळे गेले. मीच राहिलो.’ ती बराच वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसली. मग न लिहिताच म्हणाली, “तिथे मी परकी असेन, पण तिथे सगळेच कुठून तरी आलेले. इथे घरात मी एकटीच परकी आहे.”

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. त्यांचं लग्न आंतरजातीय. नऊ वर्षं प्रत्येक सणाला, प्रत्येक भाजीच्या फोडणीला सासूबाईंचं एकच वाक्य: “तुमच्याकडे असं करतात वाटतं?” ओरडा नाही, छळ नाही, म्हणून तक्रार करायलाही जागा नाही. नवऱ्याला हे वाक्य कधी ऐकूच आलं नव्हतं. तो नुसता म्हणाला, “अगं, बोलली का नाहीस?”

त्या दिवशी मला स्वतःला एक गोष्ट उमगली. कॅनडाने १९७१ साली बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण केलं, १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. २०२१च्या जनगणनेत तिथला जवळपास दर चौथा माणूस बाहेरून येऊन स्थायिक झालेला होता. हे मी कुणालाही सांगितलं असतं, पण कोरडेपणाने. या सुनेसाठी त्या आकड्याचा अर्थ होता, ‘तुमच्याकडे’ या शब्दापासून सुटका. फिजिओला तिथे प्रांताचा परवाना लागतो, पदवीची तपासणी होते, परीक्षा असतात, तोवर दुकानात उभं राहावं लागेल, हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी तयार होती. पगारासाठी एवढी तयारी सहसा कुणी दाखवत नाही.

मग मी जरा दुष्टपणे विचारलं, “सुपर व्हिसा माहीत आहे ना? त्यावर आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात.” ती आधी दचकली, मग पोट धरून हसली.

म्हणून जावं की नाही हे मी कुणाला सांगत नाही. आधी दोघांनी स्वतंत्रपणे लिहावं, एकमेकांचं वाचावं. बॅगेत भरून बरोबर येणारी दुखणी कोणती आणि खरंच इथे राहणारी कोणती, ते निवडावं. हवा, शाळा, रस्ते बदलतात. मित्रांशी बरोबरी तिथेही चालूच राहते; आज नोकरीवरून, उद्या घराच्या आकारावरून. आणि घरातलं एखादं वाक्य थांबवायला इमिग्रेशनची वाट बघायची गरज नसते. ते काम नवऱ्याचं. त्याला मी तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्याला ते आवडलं नाही.

तरी गणपतीत तो आईशी बोलला. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, “तुझी आई गौरीला काय करते गं?”

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. “मॅडम, पाच गुण गेले.” आवाजात हसू होतं. अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही. ती फ्रेंच शिकतेय, त्याचेही गुण मिळतात म्हणे.