पवनेकाठच्या बंगल्याला काचेची भिंत? आधी घराच्या मागे जाऊन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पवना धरणाच्या काठाला, डोंगरउतारावर वीसेक वर्षांचा जुना बंगला घेतलाय. पावसाळ्यात मागच्या खोल्यांना ओल येते. टेरेसचं वॉटरप्रूफिंग आधीच्या मालकाने दोनदा करून घेतलंय. आता तलावाकडची भिंत पाडून सलग काच लावायची आहे, तर स्क्वेअर फुटाला काय भाव धरावा?

भाव मी सांगणार नाही. साइट न बघता जो सांगेल त्याला काम देऊ नका. मी लिहायला बसलो ते "मागच्या खोल्या" या दोन शब्दांमुळे. पवना, मुळशी, पानशेत, वरसगाव, कुठेही जा, उतारावरच्या घरांत पैसा तलावाच्या बाजूला ओतलेला असतो आणि पाणी डोंगराच्या बाजूने आलेलं असतं. या एका मुद्द्यावर मी कितीतरी आर्किटेक्ट आणि वॉटरप्रूफिंगवाल्यांशी वाद घातलाय, आणि दर वेळी ऐकायला मिळतं, "साहेब, ओल वरूनच येते."

तिकोना किल्ल्याच्या बाजूचा एक बंगला घ्या. वीटकाम ९ इंची, वर सपाट स्लॅब, मागे डोंगर ९ फूट उभा कापलेला, आणि कापलेला कडा व मागची भिंत यांच्यात जेमतेम ३ फुटांचा बोळ. टेरेसवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे वीटतुकड्यांचा आणि सिमेंटचा जाड थर, त्यावर काही वर्षांनी दुसरा कोबा, आणि तिसऱ्याचं कोटेशन तयार. कोब्याचा एक थर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. १०० चौरस मीटरच्या स्लॅबवर दोन थर म्हणजे ४० टन, आणि जुना थर काढायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. तरी खोल्या ओल्याच.

ओल कुठून येते ते भिंतच सांगते. त्या घरात छत कोरडं होतं. डाग स्कर्टिंगपासून सुरू होऊन तीन फुटांवर संपत होता, आणि पाऊस थांबून महिना-दीड महिना झाला तरी वाळत नव्हता. वरून गळणारं पाणी असं वागत नाही, ते पावसाबरोबर येतं आणि पावसाबरोबर थांबतं. खात्री हवी असेल तर मे महिन्यात टेरेसचे पाइप बुजवून २ इंच पाणी ४८ तास भरून ठेवा. खाली थेंब आला नाही तर टेरेस निर्दोष. दोन दिवसांचं काम आहे, पण तिसऱ्या कोब्याचं कोटेशन देणाऱ्याने ते केलं नव्हतं.

मागचा बोळ उकरला तेव्हा कारण उघडं पडलं. बांधकामाचा राडारोडा, कड्यावरून घसरलेली माती आणि पाला मिळून बोळ आतल्या फरशीच्या वर दोन फूट भरला होता. म्हणजे चार महिने भिंत चिखलात उभी. त्यात कड्यात विटकरी रंगाचा एक मातकट पट्टा दिसत होता. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, आणि दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी असा पट्टा सापडतो. वरच्या पाषाणाच्या भेगांतून मुरलेलं पाणी त्यावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. घरासाठी डोंगर कापताना आपण त्या पाण्याला तोंड करून देतो. हे पाणी कुठलंही केमिकल लावून थांबत नाही, त्याला वाट द्यावी लागते.

काम या क्रमाने करायचं. सगळ्यात आधी वरचा चर. कड्याच्या काठापासून १० ते १५ फूट वर, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, १०० ला १ उतार, आणि आतून दगड-सिमेंटने बांधलेला. नुसता खणलेला चर ठेवला तर तोच पाणी मुरवून कड्यात सोडतो, त्यापेक्षा चर नसलेला बरा. त्याचं तोंड बाजूच्या ओहोळात.

मग बोळ रिकामा करायचा, तोही हातांनी. दोन मीटर काढा, दोन मीटर ठेवा, काढलेल्या जागी ताल, म्हणजे कडा अडवणारी भिंत, बांधून झाली की मधला तुकडा काढा. जेसीबी घालून एका दिवसात साफ केलात तर कडा खाली येऊ शकतो, कारण तो त्या राड्याच्या टेकूवर उभा असतो.

ताल गॅबियनची, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली, असेल तर १ मीटर उंचीचे तीन थर, तळाला २ मीटर रुंद, मधे दीड, वर १, आणि डोंगराकडे थोडी कललेली. बोळात एवढी जागा नसते, म्हणून कडा मागे घ्यावा लागतो, आणि खर्च इथे वाढतो. काँक्रीटची भिंत जागा कमी घेते, पण तिला वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं, हवीतच: ३ ते ४ इंची पाइप, मीटर-सव्वामीटरवर एक, मागे खडीचा फूटभर पडदा. ३ मीटर उंच भिंतीमागे पाणी पूर्ण तुंबलं तर फक्त पाण्याचा दाब भिंतीच्या दर मीटर लांबीला साडेचार टन होतो, मातीचा वेगळा. वीप होल प्लास्टर करताना बुजवलेले मी इतके पाहिलेत की आता पहिली नजर तिकडेच जाते.

शेवटी बोळाच्या तळाला भोकांचा ६ इंची पाइप. फरशीच्या पातळीपेक्षा २ फूट खाली, पण पायाच्या तळाच्या वर. पायाला लागून त्याखाली खणायचं नाही. भोकं खालच्या बाजूला ठेवा. वर ठेवली तर आजूबाजूला पाणी पाइपच्या डोक्यापर्यंत तुंबल्याशिवाय ते आत शिरत नाही. भोवती ४० मिमी खडी, खडीला जिओटेक्स्टाइलची (पाणी सोडणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडाची) गुंडाळी, नाहीतर दोन पावसाळ्यांत मातीने गच्च. दर १० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर साफसफाईचं चेंबर. एवढं झाल्यावर त्या बंगल्याच्या मागच्या खोल्या पुढच्या पावसाळ्यात कोरड्या राहिल्या, आणि टेरेसला हातही लावला नव्हता. वाद माझ्यापुरता तिथे मिटला.

आता तुमची काच. उतारावर घर बांधताना मागे कापलेली माती पुढे टाकून सपाटी करतात. म्हणजे तलावाकडचा अर्धा भाग बहुधा भरावावर असतो. पुढच्या कोपऱ्यापासून हातभर सोडून ६ फुटांचा खड्डा घ्या. विटांचे तुकडे, कुजलेली मुळं, सैल मुरूम निघाला तर तो भराव, आणि पाया त्याखालच्या पक्क्या मुरमात गेलाय का हे तिथेच बघून घ्या. ९ इंची भिंतींचं घर असेल तर तलावाकडची भिंत स्लॅब तोलते. ती पाडली की एवढ्या लांबीत पसरलेलं वजन दोन-तीन कॉलमवर येतं. त्या कॉलमची फुटिंगं, म्हणजे पाये, भरावात बसली तर पावसात भराव दबतो, बीम सेंटिमीटरभर वाकडा होतो आणि एवढ्यानेही स्लायडिंग जाम होतं. तिकोन्याच्या त्या बंगल्यात नेमकं हेच झालं होतं: २४ फुटांचं सलग स्लायडिंग, आणि दुसऱ्या पावसाळ्यात मधली दोन पॅनल हलेनात.

मला विचाराल तर सलग काच नकोच. मधे कॉलम ठेवून ६-७ फुटांचे तीन गाळे करा, दृश्य काही कमी होत नाही. स्लायडिंगपेक्षा गॅस्केटच्या (कडेला रबरी पट्टी असलेल्या) उघडझाप खिडक्या झडीला चांगल्या टिकतात. स्लायडिंग हवंच असेल तर ट्रॅक बाहेरच्या फरशीपेक्षा ६ इंच वर आणि ट्रॅकला बाहेर निघणारी भोकं. वर ४ फुटांची वळचण, काच लॅमिनेटेड. आणि मे महिन्यात एकदा जाऊन बघा, पाणी मागे जातं आणि समोर चिखलाचा पट्टा दिसतो. ज्या दृश्यासाठी भिंत पाडताय ते बारा महिन्यांचं नाही.

टेरेस खरोखर गळत असेल तर जुना कोबा काढून वर ३० अंशांचं लोखंडी छप्पर आणि कौलं घाला. पुण्यात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, लोणावळ्याला ४००० च्या पुढे, आणि पवना लोणावळ्याच्या शेजारी आहे. शहरातलं डिटेल इथे चालत नाही. तासाला १०० मिमी पाऊस पडला तर १०० चौरस मीटर छपरावरून १०,००० लिटर पाणी उतरतं, म्हणून ४ इंची पाइप ४० चौरस मीटरला किमान एक. डोंगराकडे पन्हळ लावाच, नाहीतर सगळ्या पागोळ्या त्याच बोळात. छप्पर वळवाच्या वाऱ्याआधी बांधून, बोल्ट कसून झालं पाहिजे.

रिमॉडेलिंगमध्ये बाथरूम वाढतात, मग सोक पिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) पुढच्या डेकखाली जातो, म्हणजे भरावातच पाणी सोडणं. तसं करू नका. १० माणसांच्या सेप्टिक टँकला आतून २ मीटर लांबी, ९० सेंमी रुंदी लागते. त्याचं पाणी भराव सोडून बाजूला, कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यात न्या. तलावात नाही. खाली ते पाणी लोक पितात.

आतलं पटकन सांगतो: पीओपी आणि एमडीएफ नको, कपाटांना आयएस ७१० (मरीन) प्लाय, फळ्यांना कडप्पा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. कागद बघा: बांधकाम मंजूर आहे का, एनए (बिनशेती) आहे का, धरणाच्या संपादनाची हद्द कुठून जाते, आणि जागेचा उतार १:५ पेक्षा जास्त तर नाही ना. दुसरं, कडा ३ मीटरपेक्षा उंच असेल, वरच्या जमिनीला आडव्या भेगा असतील, झाडं कललेली असतील किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येत असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून आधी जिओटेक्निकल (माती-खडकाचा) इंजिनिअर आणा, आणि पावसाळ्यात तिथे झोपू नका. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव आपल्याच जिल्ह्यात दरडीखाली गाडलं गेलं.

मागच्या बोळाचा आणि पुढच्या कोपऱ्यातल्या खड्ड्याचा फोटो टाका, शेजारी मापाला टेप धरून. मग बीमच्या मापाचं आणि खर्चाचं बोलता येईल.