पुण्याला जाऊन शिकलो, सोलापुरात येईपर्यंत विसरलो

गोल्फचे प्रश्न पाठवा म्हणलं तेव्हा वाटलं होतं दोन-चार येतील, सोलापुरात हा खेळ खेळतंय कोण. पण बरेच आले की, आणि त्यातल्या निम्म्यांचं रडगाणं एकच, क्लास लावला, पैसे भरले, पुण्याला हेलपाटे घातले आणि स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवायची पद्धत, आहे तिथंच. म्हणून या खेपेला तेवढंच घेतोय. पुटिंगवाल्यांनी, म्हणजे बॉल हलक्या हाताने खड्ड्यात घालायचं विचारणाऱ्यांनी, जरा दम धरा.

प्रश्न : अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. गड्ड्याची यात्रा संपल्यावर क्लास लावला, महिन्यातून दोनदा पुण्याला जातो, अकरा लेसन झाले. सर समोर असले की बॉल सरळ जातो आणि रविवारी मित्रांबरोबर खेळायला उभा राहिलो की परत उजवीकडे केळ्यासारखा वळतो. माझ्यातच काही खोट आहे का?

मालक, खोट वगैरे काही नाही, सगळ्यांचं असंच होतं, माझंही झालं होतं. सर समोर असताना तुम्ही काय करता ते आठवा. एक क्लब, एक जागा, एकच दिशा, लागोपाठ चाळीस-पन्नास बॉल, आणि प्रत्येक बॉलनंतर सर सांगणार की हे बरोबर, ते चुकलं. हे म्हणजे सातचा पाढा ओळीने म्हणण्यासारखं झालं. ओळीने सगळ्या पोरांना येतो. मास्तरांनी मधूनच सात आठे किती विचारलं की बोटं मोजायला लागतात. आणि कोर्सवर दर वेळी मधूनच विचारतात, एकदा ड्रायव्हर म्हणजे लांब मारायचा क्लब, मग दहा मिनिटं चालत जाऊन सात नंबरचं आयर्न म्हणजे मधल्या अंतराचा लोखंडी क्लब, तेही उतारावर, आणि चुकलं तर तिथं दुसरा बॉल नाही.

१९७९ साली शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी यावर एक प्रयोग केला होता, गोल्फचा नव्हे, छोटी लाकडी फळकुटं ठरावीक क्रमाने हाताने पाडायचा. एका गटाने एकेक प्रकार घोटून घोटून केला, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून केले. सराव चालू असताना मिसळणारे मागे होते, पण काही दिवसांनी परत परीक्षा घेतली तेव्हा तेच पुढे निघाले. म्हणजे रेंजवर, सरावाच्या मैदानावर, ज्या दिवशी लई भारी चाललंय असं वाटतं त्या दिवशी शिकणं कमीच झालेलं असू शकतं. तुम्ही साठ बॉलची बादली घेत असाल तर पहिले वीस सरांनी सांगितलेल्या गोष्टीसाठी वापरा आणि उरलेल्या चाळीसात एकच क्लब लागोपाठ दोनदा हातात घ्यायचा नाही, दर बॉलला निशाणपण बदलायचं. वैताग येईल, येऊ द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती पटायला मला स्वतःला चार वर्षं लागली. आपल्याला जे जाणवतं ते आपण करत असतोच असं नाही. माझी समजूत होती की माझा बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर नेणं, आखूड आहे, खांद्यापर्यंत जाऊन थांबतो, आणि सर ओरडायचे की लांब जातोय तर मला मनातून रागच यायचा. मग एकाने फोनवर शूटिंग करून दाखवलं. क्लब मानेमागून जाऊन पार जमिनीकडे लोंबत होता, डावं कोपर मोडलेलं, आणि चेहऱ्यावर मात्र मी काय झकास थांबलोय असा भाव. त्या दिवशी कळलं की मला खांद्यापर्यंत थांबायचं असेल तर कमरेपाशीच थांबल्यासारखं वाटलं पाहिजे. इंचभर बदल हवा असेल तर मनात फूटभर करावा लागतो.

लेसनमध्ये सर आरशाचं काम करतात, घरी आरसा नसतो, तेवढाच फरक. मग आरसा पैदा करा. फोन कमरेच्या उंचीवर ठेवायचा, एकदा पाठीमागून म्हणजे बॉल जिथं जाणार त्या रेषेत, एकदा समोरून, आणि स्लो मोशन लावायचं. दहा स्विंगमधला एक रेकॉर्ड केला तरी पुरे, पण बघायचं फक्त एकच, सरांनी शेवटच्या लेसनला जे सांगितलं ते झालं का नाही. तुमच्या लूमवर कापडात फॉल्ट यायला लागला तर जॉबर एकदम पाच नट फिरवतो का? फिरवले तर कुठल्याने बरं झालं हे त्यालाच कळणार नाही. तुम्ही अकरा लेसनमधल्या अकरा सूचना डोक्यात घेऊन बॉलपुढे उभं राहता. वरून खाली क्लब यायला साधारण पाव सेकंद लागतो, त्यात कुठलीच सूचना आठवून अंमलात आणता येत नाही.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं क्रिकेट खेळलो, पार्कच्या मैदानावर लेदरवर. ताकद आहे, टायमिंग आहे, पण गोल्फचा बॉल थांबलेला असून मला सरळ मारता येत नाही ही लाजच म्हणायची. कोच म्हणतात क्रिकेट विसरा. कसं विसरू?

विसरू नको भावा, पण कुठं आडवं येतंय ते बघ. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय, डावं कोपर वर, बॅटचा चेहरा बॉलरला दाखव. सरळ बॅट म्हणजे संस्कार. गोल्फमध्ये तेच कोपर वर ठेवलंस की हात पुढं फिरत नाहीत आणि क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, उघडाच म्हणजे उजवीकडे बघत राहतो, आणि उघड्या चेहऱ्याने बॉल उजवीकडे पळणारच.

इथं एक जुना गैरसमज पण काढून टाकू. बरीच वर्षं पुस्तकांत छापायचे की क्लब ज्या दिशेने जातो त्या दिशेने बॉल निघतो आणि चेहऱ्यामुळे पुढे वळतो. रडारवाली मशिनं आल्यावर उलटं दिसलं, बॉल निघतो मुख्यतः चेहरा जिकडं बघतोय तिकडं, आणि वळतो तो क्लबची वाट आणि चेहरा यांच्यातल्या फरकामुळे. बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटतात ते सेकंदाच्या जवळजवळ दोन हजाराव्या भागापुरते, तेवढ्यात चेहरा कुठं बघतोय यावर सगळा खेळ. स्लाइस होणारे, म्हणजे ज्यांचा बॉल असा उजवीकडे वळतो ते, काय करतात, बॉल उजवीकडे जातो म्हणून आणखी डावीकडे ओढून मारतात, वाट डावीकडे आणि चेहरा त्या मानाने उघडा, म्हणजे फरक वाढला, म्हणजे वळण वाढलं. मग आणखी डावीकडे.

तू आधी ग्रिप बघ. डावा हात क्लबवर ठेवून खाली मान घातलीस तर बोटांच्या मुळाची दोन-तीन हाडं दिसली पाहिजेत, एकच दिसत असेल तर हात जरा उजवीकडे फिरव. नवी ग्रिप हातात घेतली की पहिले पंधरा दिवस वाटेल कुणा दुसऱ्याचाच हात आहे. त्याला इलाज नाही. दुसरं, टॉवेल घे, आपल्या गावात त्याला काय तोटा, डाव्या काखेत घट्ट धर आणि अर्धाच स्विंग कर, कमरेपासून कमरेपर्यंत. कोपर वर उडालं की टॉवेल खाली पडतो, तोच सांगेल, कोचची गरज नाही.

प्रश्न : गच्चीवर जाळी बांधून मॅटवरून रोज शंभर बॉल मारतो. आवाज असा येतो की शेजारचे वाह म्हणतात. कोर्सवर मात्र बॉलच्या मागची जमीन खणतो. हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल मॅटमध्ये आहे. क्लब बॉलच्या दोन इंच मागे आदळला तरी मॅटवरून घसरत पुढं जातो आणि बॉलला लागतो, टक्क आवाज पण येतो. गवतात तोच क्लब मातीत रुतणार. म्हणजे गच्चीवर तुम्ही रोज शंभर वेळा चुकीचं घोटताय आणि शेजारी वाह म्हणतायत.

आयर्नने आधी बॉल आणि मग जमीन लागायला पाहिजे, जमिनीवरचा ओरखडा बॉलच्या पुढं, निशाणाच्या बाजूला पडला पाहिजे. हे तपासायला घरातली रांगोळी घ्या. शेताकडे किंवा कुठंही मऊ मोकळी जागा बघा (काळी माती ओली असताना नको, क्लबला लाडूएवढा गोळा लागतो), मारायच्या दिशेला आडवी अशी हातभर लांब रांगोळीची रेघ ओढायची आणि बॉल न ठेवता त्या रेघेवरून स्विंग करत करत पुढं सरकायचं. दहा स्विंग झाले की मागे येऊन बघा. ओरखडे रेघेवर किंवा रेघेच्या पुढं सुरू झालेत तर ठीक, मागे असतील तर वजन उजव्या पायावरच राहतंय. बहुतेक जण बॉल वर उडवायला म्हणून मागे झुकतात, पण उडवायचं काम क्लबच्या उताराचं आहे, तुम्ही खाली मारा, तो उडवेल. मी एका सकाळी एका वकील साहेबांकडून हे करून घेतलं, दहापैकी नऊ ओरखडे वीतभर मागे, ते दोन मिनिटं गप्पच उभे राहिले, मग म्हणाले हा पुरावा कोर्टात टिकेल.

गच्ची सोडायची नसेल तर निदान टॉवेलची घडी बॉलच्या वीतभर मागे ठेवा. टॉवेल हलला की शॉट गेला, आवाज कितीही गोड आला तरी. आणि क्लबच्या चेहऱ्यावर चिमूटभर टाल्कम पावडर लावा, बॉलचा ठसा मधोमध उमटतो का टोकाला ते लगेच दिसतं. जाळीमागे सोलापुरी चादर सैल टांगली तर बॉल गपकन पडतो. ताणून बांधू नका, उलटा येऊन कपाळावर बसेल.

प्रश्न : मी आणि मिस्टर दोघं शिकतोय. माझा बॉल सरळ जातो पण लांब जात नाही, आणि मिस्टर प्रत्येक शॉटनंतर मला शिकवतात.

ताई, लांबीचं आधी. आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली, पदक एका शॉटने हुकलं, आणि लांब मारणाऱ्यांत तिचं नाव कधीच नसतं. ती अप्रोच (झेंड्याकडे मारायचा शॉट) आणि पुटिंगवर सामने काढते. तुमचा सरळपणा आहे तो मोडू नका, वेग हळूहळू येईल, अधूनमधून बॉल न ठेवता जोरात पाच-सहा हवेतले स्विंग करत जा, सूं आवाज बॉलच्या जागेच्या पुढं आला पाहिजे, मागे नको.

मिस्टरांना रेंजवर दुसऱ्या टोकाची बे, म्हणजे उभं राहून मारायची जागा, घ्यायला सांगा.

प्रश्न : वय ६१, बँकेतून निवृत्त. गाडीने पुण्याला जातो, लेसन घेतो, त्याच दिवशी परत. कोच म्हणतात खांदे पूर्ण फिरवा, फिरवले की कंबर धरते. वय झालं का?

काका, वयापेक्षा गाडीचा दोष जास्त वाटतो मला. अडीचशे किलोमीटर बसून आलात, दार उघडलं आणि थेट ड्रायव्हर. पंचविशीतल्या पोराची पण कंबर धरेल. आधी दहा-पंधरा मिनिटं चाला, मग छोट्या क्लबने छोटे शॉट.

आणि खांदे फिरवताना कंबर गच्च धरून ठेवायची हा सल्ला लवचिक पोरांसाठी आहे. तुम्ही दोन्ही पायांची बोटं थोडी बाहेर वळवा आणि बॅकस्विंगला डावी टाच उचलली तर उचलू द्या. जुना अमेरिकन चॅम्पियन जॅक निकलस टाच उचलायचा आणि १८ मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकला. बॅकस्विंग आखूड झाला तरी चालेल, पाच-दहा यार्ड जातील. पण कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर कोचला विचारू नका, डॉक्टरला विचारा, आणि तोवर क्लब कपाटात.

प्रश्न : दीड वर्ष झालं, सुधारणा शून्य. उलट आधी बरा खेळायचो. कोच बदलू का?

आधी बरा खेळायचो हे खोटं नसणार. टायगर वूड्सने १९९७ ची मास्टर्स, तीही मेजरच, १२ शॉटनी जिंकली, वय २१, आणि त्यानंतर कोच बुच हार्मनबरोबर स्विंग मोडून नव्याने बांधायला घेतला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, त्याची एकच स्पर्धा जिंकून झाली, लोक म्हणाले संपला. २००० साली तीन मेजर, त्यातली यूएस ओपन १५ शॉटनी. पण हे उदाहरण जरा जपून वापरा, तो रोज तासन्‌तास मारत होता आणि आपण महिन्यातून दोन रविवार. आपल्याला अख्खं घर पाडून बांधायचं नसतं, गळतंय तिथं डागडुजी पुरते. जिम फ्युरिकचा स्विंग बघा, वर जाताना एक वाट, खाली येताना दुसरीच, कुठल्याही कोचला घाम फुटावा असा. शिकवणारे त्याचे वडीलच, त्यांनी तो मोडला नाही, पोरगा २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ चा राउंड खेळला, म्हणजे अठरा होल ५८ शॉटांत.

म्हणून कोचला तीन गोष्टी विचारा. माझी नेमकी एक चूक कुठली, ती सुधारतेय हे मला घरी कशावरून कळेल, आणि पुढच्या लेसनपर्यंत मी रोज दहा मिनिटं काय करू. उत्तरं आली तर राहा, आणि ते दहा मिनिटं खरंच करा, कारण दीड वर्षात मधल्या दिवसांत काय केलं हे तुम्ही प्रश्नात कुठंच लिहिलेलं नाही. तिन्हीचं उत्तर बघू, होईल असं आलं किंवा दर लेसनला नवीन चूक निघाली तर बदला. मी एका ठिकाणी दहा लेसनचं पॅकेज आगाऊ भरून बसलो होतो, दर वेळी नवीन सर, पहिला म्हणायचा ग्रिप घट्ट, दुसरा म्हणायचा सैल. सहाव्या लेसनला सोडलं, चारचे पैसे बुडाले ते बुडाले.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये सराव करावा का? हातातून क्लब निसटतो.

साडेनऊच्या आत आटपा, बेचाळीस डिग्रीत शरीर कंटाळलं की जुनाच स्विंग बाहेर येतो. क्लब निसटतो म्हणून तुम्ही जास्त आवळणार, आवळलं की मनगटं लाकडाची होतात आणि परत स्लाइस. ग्रिप कोमट पाणी आणि जरा साबण लावून धुवा, तेलकट झालेली असते. ग्लोव्ह दोन ठेवा, एक हातात, दुसरा बॅगेच्या पट्ट्याला लटकवून सावलीत वाळत. उन्हात टाकलात तर पापड होतो.