वडिलांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन धूर मारतंय. त्यात कुठलं मॉडर्न इंजिन बसवावं? मित्र म्हणतो स्विफ्टचं टाक.

आधी मित्राचा विषय मिटवू. स्विफ्टचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं, तुमच्या पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत आहे, मागे गिअरबॉक्स, त्यामागे प्रॉपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा फिरता दांडा) आणि ताकद मागच्या चाकांना. त्यामुळे स्विफ्ट, झेन, एस्टीम, सँट्रो सगळी बाद. म्हणजे बसवता येत नाही असं नाही, पैसा ओतला की काहीही बसतं, पण मग ती पद्मिनी राहत नाही, पद्मिनीचा पत्रा घातलेलं भलतंच काहीतरी होतं.

मी स्वतः यातून गेलोय म्हणून सांगतो, इंजिन निवडताना हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी बघायची. आधी बघायचं गिअरबॉक्स सोबत येतोय का, खालचं ऑइल चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरला (इंजिनखालचा आडवा पट्टा) आणि स्टिअरिंगच्या रॉडला अडतंय का, आणि गिअरचा दांडा गाडीत नेमका कुठे निघतोय. मी हे काहीच न बघता जिप्सीचं इंजिन उचललं होतं, 1298 सीसी, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन), 80 हॉर्सपॉवर, आणि आपल्या पद्मिनीचं मूळ इंजिन 1089 सीसी आणि साधारण 40, म्हणजे सरळ डबल! डोक्यात फक्त खंबाटकी घाट तिसऱ्यात चढायचं स्वप्न. जिप्सीचं इंजिन तसं चुकीचं नाही बरं का, अॅल्युमिनियमचं आहे, हलकं आहे, उभं बसतं, पाच गिअरचा बॉक्स आहे आणि फोर व्हीलचा ट्रान्सफर केस (ताकद चारही चाकांना वाटणारा डबा) वेगळा असल्यामुळे तो सोडून देता येतो. पण भंगारवाल्याने वायरिंग कटरने कापून दिलेलं, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) दुसऱ्याच गाडीचा निघाला, सेन्सर अर्धे गायब. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शन आणायचं म्हणजे टाकीत तीन बारच्या आसपास प्रेशर देणारा पंप, नवीन पाइप, सगळंच आलं, जुना मेकॅनिकल पंप तिथे काही कामाचा नाही. त्यात चेंबर क्रॉस मेंबरवर टेकलं तर गॅरेजवाला म्हणे, साहेब क्रॉस मेंबर थोडा कापू. ज्यावर पुढचं अख्खं सस्पेन्शन टांगलंय तो कापतोय! गाडी ओढून घरी आणली. सात महिने शेडमध्ये उभी, आणि बाबा रोज चहा घेऊन तिच्याकडे बघत बसायचे, बोलायचे काही नाहीत, ते जास्त लागायचं.

शेवटी लावलं काय, तर 118 एनईचं इंजिन. ती गाडी पण प्रीमियरचीच, 1985 ची, बॉडी फियाट 124 ची आणि इंजिन निसानचं ए-12, 1171 सीसी, 52 हॉर्सपॉवर. मॉडर्न म्हणाल तर नाही, कार्ब्युरेटरच आहे. पण क्रँकला पाच बेअरिंग आहेत, फियाटच्या इंजिनला तीन, त्यामुळे ऐंशीला गाडी कुरकुरत नाही. वायरिंगची भानगड शून्य, कुठल्याही जुन्या मिस्त्रीला कळतं. माउंटिंग बनवून घेतली, प्रॉपेलर शाफ्ट लेथवर लहान करून बॅलन्स करून घेतला (बॅलन्स केलाच पाहिजे, नाहीतर साठला सगळी गाडी थरथरते आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस खाते). स्टिअरिंगजवळचा हँडगिअर मात्र गेला. गाडीच्या तळातल्या उंचवट्याला (बोगद्याला) भोक पाडून दांडा वर काढला तर तो पुढच्या लांब सीटला लागायला लागला, दुसरा गिअर टाकला की बायकोच्या गुडघ्यात. मग वाकवून घेतला.

2022 पर्यंतच्या जुन्या इकोचं इंजिन पण लोक सुचवतील, 1196 सीसी, 73 हॉर्सपॉवर, मागच्या चाकांचं, आणि माल भरपूर मिळतो. चांगलं आहे, पण इकोत इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं, त्यामुळे गिअरचं लिंकेज तुम्हाला नव्यानेच बनवायला लागेल. घ्यायचंच असेल तर अख्खी ठोकलेली गाडी घ्या, वायरिंग, ईसीयू, चावी, पेडल सगळ्यासकट, नुसतं इंजिन नको.

आणि ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. 80 हॉर्सपॉवर टाकून तेच ड्रम ठेवणार असाल तर माझा तुम्हाला नमस्कार.

आता कटकटीचा भाग. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, आणि आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवायचा, मोटर वाहन कायद्याचं कलम 52 बघा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येणार नाही असा निकाल दिलाय, त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर आरटीओ हात वर करण्याची शक्यता जास्त. माझ्या वेळी निदान प्रीमियर ते प्रीमियर असं सांगता आलं, तरी चार चकरा झाल्या. इंजिन विकत घेताना त्या गाडीच्या आरसीची कॉपी आणि पावती घ्याच, चोरीचं निघालं तर गाडी पोलिस स्टेशनला सडते. अजून एक, 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून रजिस्टर होते, पण मूळ स्वरूपात असेल तरच. तुमची 2032 ला बसेल. इंजिन बदललंत तर ते गेलं.

म्हणून खरं सांगू का, धूर मारतंय म्हणजे इंजिन मेलं असं नाही. निळा धूर असेल तर बोअर, पिस्टन-रिंग, व्हॉल्व्हचे गाइड आणि सील एवढ्यात काम होतं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. काळी-पिवळी फियाट टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण वर्षानुवर्षं त्याच इंजिनांवर हात काळे केलेली माणसं अजून आहेत, ती म्हातारी व्हायच्या आत काम करून घ्या. आधी कॉम्प्रेशन चेक करून आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

आणि काहीही केलंत तरी जुनं इंजिन विकू नका. माझं अजून पोत्यात गुंडाळून जिन्याखाली आहे, बाबा दर दिवाळीला त्याच्यात तेल सोडून हाताने फिरवून बघतात.