चौरंगासाठी स्वस्तातल्या पटाश्या कोणत्या घ्याव्यात, आणि धार घरी कशी लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीआधी) घरच्या घरी एक चौरंग करायचाय, हत्यारांवर दोन हजारांच्या वर खर्च नको, ऑनलाइन सहा पटाश्यांचा (सुतारी छिन्न्यांचा) संच स्वस्तात मिळतोय तो घ्यावा का, आणि धार बाहेरून लावून आणली तर चालेल का.

दोन्हींना माझं उत्तर 'नको' असंच आहे. संच सोडा. दोनच पटाश्या घ्या आणि उरलेले पैसे धार लावायच्या सामानात घाला. नवी पटाशी डब्यातून निघते तेव्हा तिला धार असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात स्वस्तातली काय किंवा बऱ्यापैकी किमतीची काय, कारखान्यातून येते ती फक्त आकार दिलेली. पाठीवर, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूवर, ग्राइंडरचे ओरखडे असतात, टोकावर वॉर्निशचा थर असतो. ती कामाला लावायची तर पाठ घासून सपाट करावी लागते, आणि स्वस्त पोलादात एका पाठीला सहज एखादी संध्याकाळ जाते. सहा घेतल्यात तर त्यातल्या चार तशाच डब्यात गंजतील.

दोन कुठल्या? आपल्याकडचे मेस्त, म्हणजे सुतार, अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुम्ही दोन सुती म्हणजे पाव इंची (6 मिमी) आणि सहा सुती म्हणजे पाऊण इंची (18-19 मिमी) घ्या. चौरंगाच्या पट्ट्या साधारण 18 ते 20 मिमी जाडीच्या असतात आणि कूस, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवायची रीत आहे. म्हणजे पायातली खाच 6 मिमीची, पाव इंची पटाशीच्या रुंदीची. पाऊण इंची लागते कुशीचे गाल (रुंद बाजू) तासायला, खांदे (कुशीच्या बुडाशी असलेली पायरी) साफ करायला, कडा मारायला. अर्धा इंची पुढे कधीतरी घ्या, बिजागरी बसवायची वेळ आली की.

दोघींचं पातं मात्र एकसारखं नको. पाव इंची घ्याल ती चौकोनी कडांची, जाड पात्याची घ्या. खाच पाडताना पटाशी आत घालून थोडी उचकावी लागते, तिथे पातळ पातं वाकतं किंवा टोकाला टवका उडतो. पाऊण इंची मात्र दोन्ही बाजूंनी कडा उतरत्या केलेली बघा, म्हणजे कोपऱ्यात नीट शिरते. खोल खाचांसाठी मेस्तांकडे किकरं (जाड पात्याची खास पटाशी) असतं, चौरंगाला त्याची गरज नाही. खाचेतलं बरंचसं लाकूड आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडून काढा आणि पटाशीने फक्त भिंती सरळ करा. यात कमीपणा काही नाही.

शक्य असेल तर दुकानात जाऊन हातात घेऊन निवडा. गोव्यात म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही चार हार्डवेअरची दुकानं सापडतात. जाताना खिशात स्टीलची पट्टी ठेवा. पटाशीच्या पाठीवर पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मधे थोडी फट दिसली तर हरकत नाही, पाठ जराशी खोलगट असली तर टोक आणि मागचा भाग टेकतो आणि घासायला सोपी जाते. पट्टी मधे टेकून दोन्हीकडे डुलत असेल तर ती पटाशी परत ठेवा. फुगीर पाठ सपाट करताना हात अखंड झुलत राहतो आणि शेवटी टोकच गोल होतं. मग मुठीच्या मागून पात्याकडे एक डोळा मिटून बघा, मूठ आणि पातं एका रेषेत हवं. लाकडी मूठ असेल तर वरच्या टोकाला लोखंडी कडं आहे का बघा, नसेल तर मोगरीच (लाकडी हातोडी) वापरायची, लोखंडी हातोडा नाही.

पात्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं. त्यातून कळतं ते पोलादात काय मिसळलंय एवढंच. त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून ते किती कडक केलंय, हे त्या अक्षरांत नसतं, आणि धार टिकणं न टिकणं बरंचसं त्या पाण्यावर अवलंबून असतं. स्टॅनली, ग्रोझ यांच्या साध्या पटाश्या शिकायला पुरेशा आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या नारेक्सच्या चांगल्या, पण तुमच्या रकमेत त्या घेतल्या तर धारेच्या सामानाला पैसे उरणार नाहीत. लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेली पटाशीही मिळते. चांगल्या हाताची असेल तर उत्तम, नाहीतर टोक मऊ निघतं. घरी आणल्यावर पात्याच्या कडेला, टोकाजवळ, नव्या बारीक कानशीचा कोपरा हलकेच फिरवून बघा. कानस घसरली तर पाणी ठीक आहे. कानशीने सहज पोलाद खाल्लं तर ती पटाशी रंगाचे डबे उघडायला ठेवा.

आता धार. तुमच्या पैशांतला मोठा वाटा इथे जाऊ दे.

काचेच्या दुकानात जाऊन 8 किंवा 10 मिमी जाडीचा काचेचा तुकडा मागा, साधारण एक फूट लांब आणि चार इंच रुंद. कापून उरलेले तुकडे त्यांच्याकडे पडूनच असतात. कडा घासून द्यायला सांगा. मग पाण्यात वापरायचा काळा पॉलिश पेपर घ्या: 120, 220, 400, 1000 आणि 2000 नंबरचा. काचेवर पाणी शिंपडून कागद ठेवला की तो चिकटून बसतो. या काळ्या कागदावर असतं ते सिलिकॉन कार्बाइड. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होता, त्यातून हे हाती लागलं. पुढे कागद फार संपायला लागले की ग्राइंडवेल नॉर्टन किंवा कार्बोरंडम युनिव्हर्सलचा दोन बाजूंचा दगड घ्या, एक बाजू भरड आणि एक बारीक. त्यावर शिलाई मशीनचं तेल वापरा. एकदा तेल लावलेल्या दगडावर नंतर पाणी घालू नका. पण सुरुवातीला काचच बरी. दगड वापरून मधे खोलगट होतो, काच होत नाही, आणि नवशिक्याचं निम्मं काम सपाटपणाशी असतं.

पहिलं काम पाठ. टोकाकडचा इंच-दीड इंच भागच सपाट व्हायला हवा, पूर्ण पातं घासत बसू नका. पाठीवर काळ्या मार्करने रेघा ओढा, 120 च्या कागदावर पाठ पूर्ण टेकवून दोन बोटांनी टोकाजवळ दाबून पुढे-मागे घासा. थोड्या वेळाने बघा, शाई उरलीय तो भाग अजून खाली आहे. टोकालगत शाई एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेली की पुढचा नंबर. घासताना मूठ तसूभरही वर उचलायची नाही. उचललीत की पाठीला टोकाशी बारीक उतार पडतो, आणि मग पटाशी लाकडावर सपाट टेकवून तासताना ती लाकूड सोडून वर चालते. 2000 वर पोचाल तेव्हा टोकाजवळच्या पाठीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसायला हवं. हे काम पटाशीच्या जन्मात एकदाच करायचं, म्हणून कंटाळून सोडू नका.

मग उतार, म्हणजे पाठीच्या समोरची टोकाकडे तिरकी होणारी बाजू. नव्या पटाशीला बहुधा 25 अंशाचा असतो. मऊ लाकूड हाताने तासायला तो चालेल, पण मोगरीने ठोकायचं तर 30 अंश बरा, टोक लवकर मोडत नाही. कोनमापक नसेल तरी कोन कळतो. उताराच्या पृष्ठाची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर तो बरोबर 30 अंश, दुपटीपेक्षा जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त लांब असेल तर 25. म्हणजे 4 मिमी जाड पात्याला 8 मिमी उतार आणि साडेनऊ मिमी उतार, एवढाच फरक.

कोन हाताने स्थिर धरणं जमायला वेळ लागतो. चाकावर चालणारी छोटी पकड मिळते, दोन्ही बाजूंनी पटाशी आवळणारी. एक्लिप्स नावाच्या जुन्या इंग्रजी पकडीची ती नक्कल असते. त्यात पटाशी 30 मिमी बाहेर काढली की 30 अंश, 40 मिमी काढली की 25. फळीच्या तुकड्यावर त्या मापावर एक पट्टी ठोकून ठेवा आणि दर वेळी पटाशीचं टोक तिला टेकवून पकड आवळा. नेमका तोच कोन परत मिळाला तर पुढच्या धारेला दोन-चार मिनिटं पुरतात. कोन रोज बदलत राहिला तर रोज सगळा उतार नव्याने घासावा लागतो, आणि लोकांना धार लावणं हे जीव खाणारं काम वाटतं ते यामुळेच.

400 वरून सुरू करा. घासत राहा, मधून अंगठा पाठीवरून टोकाबाहेरच्या दिशेने फिरवा, धारेच्या लांबीला कधीही नाही. पाठीकडे नखाला अडेल असा बारीक काठ वळलेला लागेल. तो संपूर्ण रुंदीभर लागला तरच पुढच्या कागदावर जा. बहुतेकांची धार इथेच बिघडते. एका कोपऱ्यात काठ लागत नसताना ते 1000 वर जातात, आणि तो कोपरा मग 2000 पर्यंत बोथटच राहतो. शेवटच्या कागदावर उतार झाला की पटाशी उलटी करून पाठ सपाट टेकवा, दोन-चार हात मारा, पुन्हा उतार, पुन्हा पाठ, असं करता करता तो काठ गळून पडतो. जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा फळीवर चिकटवून, स्टील चकाकवायची हिरवी वडी त्यावर चोळून पटाशी मागे ओढत फिरवली तर उरलंसुरलं निघून जातं. पट्ट्यावर फक्त मागे ओढायचं. पुढे ढकललीत तर चामडंच कापेल.

धार लागली का, ते हातावरचे केस कापून बघू नका. पॅकिंगच्या पाइनचा तुकडा घ्या आणि त्याचं टोक, म्हणजे लाकडाची वर्तुळं दिसतात ती आडवी कापलेली बाजू, हाताने तासा. मऊ लाकडाच्या तंतूंना बोथट धार चिरडते, तिथे पांढरट, चुरा झाल्यासारखा पृष्ठभाग दिसतो. नीट धार असेल तर तिथून अखंड पापुद्रा निघतो आणि लाकूड चमकतं.

बाहेरून धार का नको? सायकलवर चाक लावून फिरणारा धारवाला विळी, कोयता उत्तम करून देतो. पटाशीची पाठ सपाट ठेवायची असते हे त्याच्या चाकाला माहीत नसतं. वर कोरडं चाक जोरात फिरतं आणि टोक निळं पडतं. निळा रंग म्हणजे पोलाद सुमारे 300 अंशांपर्यंत तापलं आणि तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. टोकाला मोठा टवका पडला आणि ग्राइंडरला पर्यायच नसेल, तर जवळ पाण्याचा डबा ठेवा आणि टोक बोटाला चटका देण्याआधी बुडवा.

लाकडाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. पहिल्या चौरंगाला वाळलेला फणस मिळाला तर बघा, पटाशीखाली गोड चालतो. सागवानही सोपा वाटतो, पण त्यात सिलिका असते, धार लवकर उतरते, दर थोड्या वेळाने कागदाकडे जावं लागतं. मट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष खरा, पण नव्या हाताला त्याचं लाकूड फार कडक. परसातला फणस पाडून लाकूड काढायचा विचार असेल तर गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आधी वन खात्याची परवानगी. आणि ओलं लाकूड या चवथीला उपयोगी पडणार नाही. वखारीतून जुनं, वाळलेलं घ्या.

शेवटी गंज. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात आषाढात पटाशी नुसती टेबलावर ठेवली तर चार दिवसांत तांबूस ठिपके येतात. पाण्यावर धार लावलीत की लगेच कोरडी पुसा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. घरात असतंच, आणि अळशीच्या तेलासारखं ते सुकून चिकट थर होत नाही. लाकडाला पॉलिश करायच्या दिवशी मात्र पटाशी आधी नीट पुसून घ्या, तेलाचा डाग पडला तर पॉलिश तिथे धरत नाही. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढं पुरतं. ठिपके आलेच तर 1000 च्या कागदाने पाठ आणि उतार पुन्हा काढा. टोकालगत गंजाने खड्डे पडले असतील तर मात्र तेवढी लांबी घासून टाकावी लागेल.

चवथीला अजून वेळ असेल तर कामाला आज संध्याकाळीच लागा, पण धारेला आधी पाऊण इंची घ्या. रुंद पात्याची पाठ कागदावर स्थिर बसते. पाव इंची अरुंद असल्यामुळे डुलते आणि तिचा उतार तिरका होतो, म्हणून तिला हात बसल्यावर घ्या. अडलात तर पाठीचा फोटो टाका, मार्करच्या रेघांसकट.