आधी वरचा प्लग, मग खालचा

भावा, डिफरेन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, तेल खाली सोडायची घाई नको. आधी वरचा, भरायचा प्लग सुटतोय का बघ. मी एकदा उलटं केलं, आणि वरचा सुटलाच नाही. गाडी रात्रभर कोरडीच उभी राहिली.

प्लग हटून बसला असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढ, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर मुरू दे. सकाळी हातोडीचे चार-पाच सरळ ठोके. मग नेमक्या मापाचा सहा पैलूंचा सॉकेट आणि लांब दांडा. बारा पैलूंचा सॉकेट कोपरे खातो. तरीही अडलाच, तर प्लगभोवतीचं हाउझिंग (डब्याचं बाहेरचं कवच) गरम कर, पण स्प्रे नीट पुसून. नाहीतर भडका उडेल. वॉशर नवाच घाल. तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भर.