नवरा म्हणतो, पोराचा गट्टू आणि तुझा बाप्पा सारखेच!

"मावशी, मी ३४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. माझा पाच वर्षांचा मुलगा गट्टू नावाच्या मित्राशी गप्पा मारतो, हा गट्टू कुणालाच दिसत नाही, पण त्याचं ताट मांडावं लागतं. यंदा आरती झाल्यावर नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, 'ह्याचा गट्टू आणि तुमचा बाप्पा, फरक काय? हा निदान मोठा झाला की सोडून देईल.' सासूबाई उठून आत गेल्या त्या अजून त्याच्याशी बोलत नाहीत. मुलाने नैवेद्याचे २१ मोदक मोजले होते, ताट बाहेर आणल्यावर परत मोजले, २१ च निघाले. रात्री मला विचारतो, 'आई, गट्टू खोटा-खोटा आहे, मग बाप्पा पण खोटा-खोटा का?' मला काही सुचलंच नाही. मी खरंच बालिश आहे का?"

अगं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तुझ्या पोराचं आहे आणि ते तुम्हा दोघांच्याही लक्षात आलेलं नाही. तो काय म्हणाला बघ, गट्टू खोटा-खोटा आहे. म्हणजे त्याला माहितीये! ताट मांडायला लावतो, गट्टूला वरण आवडत नाही म्हणून भांडतो, पण आत कुठेतरी पक्कं ठाऊक आहे की हे आपणच रचलंय. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात मार्जोरी टेलर म्हणून मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, त्यांनी अशा न दिसणाऱ्या मित्रांवर कितीतरी वर्षं काम केलंय. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा मित्र होता असं निघालं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या कामात अशा मुलांना फार सीरियसली प्रश्न विचारायला लागलं की मुलंच मध्येच सांगायची, अहो तो खराखुरा नाहीये बरं का.

आता सासूबाई हात जोडून उभ्या असतात तेव्हा त्यांच्या मनात "हे आपलं खोटं-खोटं" असं असतं का? नाही ना. त्यांना तो खरंच आहे असं वाटतं. शेवटची लोकल गेलीये हे माहीत नसलेला माणूस प्लॅटफॉर्मवर वाट बघत उभा असतो तो चुकलेला असू शकतो, पण तो भातुकली खेळत नसतो. सासूबाई चुकत असतील किंवा नसतील, तो वेगळा वाद. नवऱ्याने चूक आणि खेळ ह्या दोन गोष्टी एकत्र कालवल्या आणि वर ते आपल्या आईसमोर, म्हणजे कमालच.

तो हुशार असेल तर म्हणेल, ठीके, गट्टू सोड, बागुलबुवा घे, त्याला तर पोरं खरंच घाबरतात. हे जरा बरं उदाहरण आहे. पण बागुलबुवा मोठ्यांनी बनवलेला असतो आणि तो नाहीये हे मोठ्यांना माहीत असतं, चाळिशीत कुणी नव्याने बागुलबुवा मानायला लागल्याचं मी तरी ऐकलं नाही. देवाचं तसं नाही, लोक मोठेपणी मानायलाही लागतात आणि सोडतातही, दोन्ही विचार करून. हजारेक वर्षांपूर्वी उदयनाचार्य नावाच्या तर्कशास्त्राच्या पंडितांनी देव आहे हे नुसत्या तर्काने सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला, की मडकं आहे तर कुंभार असणार, तसं जग आहे तर कर्ताही असणार. आणि गंमत बघ, मीमांसक म्हणजे वेद मानणारे, यज्ञ झालेच पाहिजेत म्हणणारे कट्टर लोक, त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी जग निर्माण करणारा देव साफ नाकारला. बागुलबुवावरून असं भांडण कधी झालंय?

पण एवढे विद्वान भांडले म्हणून देव आहे असं होत नाही हं. मला स्वतःला ते मडक्याचं पटत नाही. माझा विश्वास तिशीतच गेला, घरातल्या एका लहान मुलाचं लांबलेलं आजारपण बघून, आणि तो विश्वास परत आलेला नाही. त्यामुळे नवऱ्याकडे खरी अस्त्रं आहेत हे मी मान्य करते, की आहे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा, किंवा एवढा चांगला देव आहे तर पोरं का तडफडतात. ते प्रश्न त्याने विचारावेत, तूही ऐकावेस, आणि त्यांनी तुला त्रास झाला तर होऊ दे. गट्टूची कोटी मात्र प्रश्न नव्हता गं, तो टोमणा होता.

आणि एका बाबतीत तो नकळत बरोबर बोलून गेलाय. आपल्या पूजेत खेळ भरपूर आहे. आषाढीला पंढरपुरात विठोबाचा पलंग काढून ठेवतात, कारण तो आता भक्तांसाठी रात्रंदिवस उभा राहणार, पाठ टेकायला मागे लोड देतात, आणि वारी पांगल्यावर प्रक्षाळपूजा, शीण जावा म्हणून गरम पाण्याने आंघोळ, वर काढ्याचा नैवेद्य, मग पलंग परत जागेवर. दगडाला शीण येत नाही हे वारकऱ्याला कळत नाही असं वाटतं का तुला? तुमचा दीड दिवसाचा गणपती तरी काय, प्राणप्रतिष्ठा केली की देव, उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची जराशी हलवली की परत माती, आणि जाताना दहीपोह्यांची शिदोरी. हे सगळं सासूबाई जाणूनबुजून करतात. माया दाखवायची ती रीत आहे, आणि मी नास्तिक असूनही मला ती फार आवडते. देव आहे की नाही हे त्या काढ्यावरून ठरत नाही, कुठल्याच बाजूने.

पोराला काय सांगायचं? खरं ते सांग. की मूर्ती मातीची आहे, मोदक आपणच खातो, बाप्पा खरंच आहे असं आजीला आणि मला वाटतं, बाबांना नाही वाटत, तू मोठा झालास की तुझं तू ठरव. तुलाच शंका असेल तर "मला नक्की माहीत नाही" म्हण, पाच वर्षांच्या पोराला ते व्यवस्थित कळतं. फक्त "असं विचारू नये, पाप लागतं" एवढं म्हणू नकोस, खरा बागुलबुवा तिथे सुरू होतो.

सासूबाईंना सॉरी नवऱ्यानेच म्हणायचं, तू मध्यस्थी करायला जाऊ नकोस. त्याने देव मानला नाही तरी चालेल, पण आरती झाल्या झाल्या सगळ्यांसमोर आईची फजिती केली हे त्याला कळायला हवं. आणि पुढच्या वर्षी पोरगं परत मोदक मोजायला बसलं तर बसू दे, फक्त एखादा कमी भरला तर आधी नवऱ्याचं तोंड बघ.